वैमानिकाला झोप लागेल अशी खोली : सिंधुदुर्ग आणि पेडण्यातील निवासचालकांसाठी

चिपीच्या सड्यावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. पेडणे, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात ज्यांची हॉटेले, लॉज किंवा घरगुती निवास आहेत, त्यांना आता पर्यटकाखेरीज आणखी एका पाहुण्याचा विचार करावा लागतो. हा पाहुणा समुद्र पाहायला किंवा मासे खायला आलेला नसतो. रात्री विमान चालवून तो पहाटे खोलीवर येतो, बारा-तेरा तास राहतो आणि पुन्हा विमान चालवायला निघतो. दोन उड्डाणांमधल्या या मुक्कामाला, म्हणजे लेओव्हरला, त्याच्या दृष्टीने एकच अर्थ असतो, तो म्हणजे झोप. ती त्याला मिळाली की नाही, यावर त्याच्या पुढच्या विमानातील शे-दीडशे माणसांची सुरक्षितता काही अंशी अवलंबून असते. आणि ती मिळण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्याच्या हाती नसतात, निवासचालकाच्या हाती असतात. म्हणून विमान कंपनीशी खोल्यांचा करार करण्याआधी आणि केल्यानंतरही काय काय पाहावे, हे येथे सविस्तर मांडत आहे.

नियम काय मागतो

भारतात वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने हे नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, नियमातली रात्र मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत होती ती सहापर्यंत वाढली, आणि रात्रीच्या ड्युटीत करता येणाऱ्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. ही अंमलबजावणी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ठरली होती. तिच्या दुसऱ्या टप्प्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो उड्डाणे रद्द होऊन प्रवाशांचे किती हाल झाले, हे सर्वांना आठवत असेल. त्या गोंधळात वैमानिकांना विश्रांती देणे ही जणू चैन आहे, असा सूर काही ठिकाणी निघाला. तो मला मुळीच मान्य नाही.

निवासचालकाने लक्षात ठेवण्याजोगी तरतूद याहून साधी आहे. दोन ड्युटींमधली विश्रांती किमान बारा तासांची, किंवा आधीची ड्युटी जितकी लांब होती तितकी, यांपैकी जी जास्त असेल तेवढी असावी लागते, आणि वैमानिकाला जिथे उतरवले जाते ती जागा कशी असावी हेही नियमात सांगितलेले आहे. नीट सजवलेली शयनखोली, गरज असेल तर एकाच व्यक्तीसाठी, जिथे आवाज कमीत कमी असेल, हवा खेळती असेल आणि उजेड व तापमान राहणाऱ्याला कमीजास्त करता येईल, अशी ती असली पाहिजे. सजावट, समुद्रदर्शन, पोहण्याचा तलाव यांचा त्यात उल्लेखही नाही. आवाज, हवा, उजेड आणि तापमान या चार गोष्टींवरच आपला सगळा खर्च आणि सगळे कष्ट लागले पाहिजेत.

बारा तासांत झोप किती उरते

एक उदाहरण मांडून पाहू. विमान सकाळी सहाला उतरले, कामे आटोपून वैमानिक सव्वासातला आपल्या दारात आला, आणि संध्याकाळी पावणेआठला त्याची गाडी निघणार आहे. कागदावर ही साडेबारा तासांची विश्रांती झाली. त्यातून नावनोंदणी, आंघोळ आणि चार घास खाणे यांचा एक तास जातो आणि निघण्याआधीचा सव्वा तास तयारीत जातो. उरलेल्या सव्वादहा तासांतही तो सलग झोपू शकत नाही, कारण माणसाच्या शरीरातले घड्याळ त्याच्या रोस्टरप्रमाणे चालत नाही. सकाळ चढू लागली की शरीराचे तापमान वाढते, उजेडाने मेंदू सावध होतो आणि दिवसा झोपणाऱ्याची झोप बहुधा पाच-सहा तासांत आपोआप मोडते. म्हणजे साडेआठच्या सुमारास झोपलेला वैमानिक दुपारी दीड-दोनला जागा होईल, आणि रात्रीच्या ड्युटीसाठी त्याला संध्याकाळी चारनंतर पुन्हा तास-दीड तास पडावे लागेल.

आता आपल्या हॉटेलचा दिवस याच्या शेजारी ठेवून पाहावा. साडेआठला नाश्त्याची गर्दी असते, दहाला खोल्या झाडायला घेतात, अकराला चादरी बदलतात, बाराला चेक-आउट असते, एकला जेवणाची घंटा, आणि दुपारनंतर नवे पर्यटक मुलांबाळांसह जिन्यावरून वर येऊ लागतात. वैमानिकाच्या मुख्य झोपेचा प्रत्येक तास हॉटेलच्या सर्वांत गजबजलेल्या तासावर येऊन बसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेसाठी राखून ठेवली आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. पण हा पाहुणा झोपायला जातो तेव्हा ती वेळ संपलेली असते. त्याच्यासाठी शांतता कायदा आणून देणार नाही, ती आपल्यालाच उभी करावी लागेल.

ही काळजी अतिरेकी वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग सतरा तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच चुकतो. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दुसरी गोष्ट याच किनाऱ्याची आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. विमान स्थिर मार्गाने उतरत नव्हते, सहवैमानिक पुन्हा वर घ्यायला सांगत होता, तरी कॅप्टनने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही, हे चौकशीत मुख्य कारण ठरले. आणि त्याला हातभार लावणारी बाब म्हणून, उड्डाणात तो बराच वेळ झोपला होता व जागे झाल्यावरची गुंगी त्याच्या निर्णयात उतरली असावी, असेही चौकशीने नोंदवले. त्या घटनेत कोणत्याही हॉटेलचा दोष नव्हता. पण अर्धवट झोपेचे डोके नेमके कुठे दगा देते, ते तिथे दिसले. चिपी काय किंवा मोपा काय, दोन्ही धावपट्ट्या सड्यावर आहेत, आणि आषाढातल्या पावसात तिथे विमान उतरवणाऱ्याचे डोके स्वच्छ असावे, एवढीच माझी आस्था आहे.

खोली निवडताना

सगळ्या खोल्या वैमानिकांसाठी योग्य होणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. वीस खोल्यांच्या हॉटेलात बहुधा चार-सहा खोल्याच या कामाच्या निघतील. त्या प्रामाणिकपणे शोधाव्यात आणि तेवढ्याच खोल्यांचा शब्द कंपनीला द्यावा.

लिफ्ट, जिना, पाण्याची मोटर, जनरेटर, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा आणि वाहनतळ यांपासून दूर असलेली, कॉरिडॉरच्या टोकाची खोली सर्वांत बरी, कारण तिच्या दारावरून कोणाचे जाणे-येणे नसते. सर्वांत वरचा मजला टाळावा. दुपारनंतर स्लॅब तापतो, वर पत्र्याची शेड असेल तर पावसाळ्यात बोलणेही ऐकू येत नाही, आणि टाकी भरून वाहू लागली की तिचा आवाज थेट छतातून येतो. तळमजल्याला गाड्यांचे दरवाजे आणि पर्यटकांच्या बॅगांची चाके ऐकू येतात. मधला मजला असेल तर तो घ्यावा. दिशेचा विचार कोकणात फार उपयोगी पडतो. पूर्वेच्या खिडकीतून नेमके वैमानिक झोपतो त्या वेळी ऊन आत येते, पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या खिडकीवर पावसाळ्यात चार महिने झड आपटते, त्यामुळे उत्तरेकडची खोली दोन्ही दृष्टींनी सोयीची. खिडकीखाली शेजाऱ्याचे पत्र्याचे छप्पर आहे का, एसीच्या पाण्याची नळी त्या पत्र्यावर थेंब थेंब टाकते का, हेही वाकून पाहावे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची जुनी जाड भिंत आवाज चांगला अडवते. ज्यांचे निवास जुन्या घरात आहेत त्यांनी नव्या पार्टिशनच्या खोल्यांपेक्षा त्या खोल्या या पाहुण्यासाठी ठेवाव्यात. तिथे अडचण कौलांची असते. कौलांखाली लाकडी तक्तपोशी नसेल तर शेजारच्या खोलीतले कुजबुजणेही आढ्यावरून इकडे येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शयनखोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आसपास आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. मोबाइलवरच्या मापकाने अंदाज येतो. परंतु खरी परीक्षा वेगळी आहे. गर्दीच्या दिवशी, सकाळी आठ ते दुपारी दोन, मालकाने स्वतः त्या खोलीत आडवे पडावे, कर्मचाऱ्यांना आधी सांगू नये, आणि काय काय कानावर येते ते लिहून काढावे. वरच्या खोलीतला फ्लश, शाफ्टमधून घसरणारे पाणी, मोटर सुरू होतानाचा धक्का, मासे घेऊन येणाऱ्या बाईची हाक, झाडूवाल्याच्या खिशातल्या मोबाइलवरचे गाणे, हे सगळे त्या यादीत येईल. एक मोठा सतत आवाज माणूस सहन करतो. अचानक येणारे लहान आवाज झोप मोडतात. म्हणून यादीतले अचानक येणारे आवाज आधी बंद करावेत. दारांना सावकाश मिटणारे क्लोजर लावणे, चौकटीला रबराची पट्टी लावणे, टाकी भरण्याची वेळ पहाटे पाचवर आणणे, ट्रॉलीची चाके बदलणे, ही कामे फार खर्चाची नाहीत.

अंधार

हॉटेलांतील पडदे शोभेचे असतात. या खोलीला अंधाराचे पडदे हवेत, अस्तर लावलेले, खिडकीच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे जाणारे, खाली जमिनीपर्यंत टेकणारे आणि मधोमध एकमेकांवर चढणारे. वरच्या बाजूने उजेडाची पट्टी छतावर पडते, ती झाकायला लाकडी पेटी किंवा पेलमेट बसवावे. न्हाणीघराचा झरोका लोक विसरतात; त्याच्या दारातून सकाळी नऊला सरळ उशीवर ऊन येते. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावावी. टीव्हीचा लाल दिवा, एसीवरचे आकडे, चार्जरचा निळा ठिपका, हे सगळे काळ्या चिकटपट्टीने झाकता येतात. भर दुपारी बारा वाजता पडदे लावून दहा मिनिटे आत थांबावे आणि हात समोर धरावा. बोटे मोजता आली तर काम अजून बाकी आहे. न्हाणीघरात जायला एक मंद पिवळसर दिवा जमिनीलगत असावा, म्हणजे मध्येच उठलेल्याला मोठा दिवा लावून डोळे दिपवून घ्यावे लागणार नाहीत.

गारवा, ओल आणि वीज

कोकणात उष्णतेपेक्षा दमटपणा झोप जास्त मोडतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते आणि घाम न वाळणाऱ्या हवेत ते उतरत नाही. २०२० पासून भारतातले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. तो आकडा वीज वाचवण्यासाठी आहे, त्याला पाहुण्यावर लादू नये. रिमोट त्याच्या हाती द्यावा, चालू आहे याची खात्री करून द्यावी, आणि पावसाळ्यात हवा कोरडी करणारा ड्राय मोड कसा लावायचा ते एका कागदावर मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून ठेवावे. एसीच्या जाळ्या दर पंधरवड्याला धुवाव्यात. जून ते सप्टेंबर गाद्या, उशा आणि कपाटे यांना बुरशीचा वास धरतो. नाक चोंदलेला वैमानिक नीट झोपत तर नाहीच, शिवाय विमान खाली उतरताना त्याच्या कानांवर दाब येतो आणि तो उड्डाणासाठी अपात्रही ठरू शकतो. गाद्या उन्हाच्या प्रत्येक उघडिपीला बाहेर काढाव्यात, आणि वासावर उपाय म्हणून अत्तराची फवारणी कधीही करू नये.

विजेचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. आपल्याकडे एक झाड तारेवर पडले की तालुका अंधारात जातो. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी सहसा चालत नाही, आणि अंधारासाठी बंदिस्त केलेली खोली वीज गेल्यावर अर्ध्या तासात कोंदट होते. म्हणून या खोल्यांचे एसी जनरेटरवर असलेच पाहिजेत आणि वीज परतल्यावर ते पूर्वीच्याच तापमानावर आपोआप सुरू झाले पाहिजेत. जनरेटर आवाज दाबणाऱ्या पेटीतला, रबरी पायांवर बसवलेला आणि या खोल्यांच्या विरुद्ध बाजूला असावा. डिझेल किती आहे याची नोंद रोज ठेवावी. मे महिन्यातच आवारातल्या फांद्या तोडून घ्याव्यात. आणि सगळेच बंद पडले तर उघडता यावी म्हणून एका खिडकीला डासांची घट्ट जाळी असावी. एक डास पाच तासांची झोप घालवतो.

दार, फोन आणि माणसे

खोली कितीही चांगली केली तरी कर्मचाऱ्यांची सवय बदलली नाही तर ती वाया जाते. स्वागतकक्षात एक फळा असावा आणि त्यावर वैमानिक असलेल्या खोल्यांचे क्रमांक, झोपेची वेळ आणि उठवण्याची वेळ लिहिलेली असावी. नाव लिहू नये. त्या वेळेत त्या खोलीचा इंटरकॉम बंद ठेवावा. दारावरची ‘व्यत्यय नको’ ही पाटी आपल्याकडे सूचना म्हणून घेतली जाते, ती बंदी म्हणून घ्यायला शिकवावे. साफसफाईबद्दल विचारण्यासाठी, मिनरल वॉटर देण्यासाठी, जेवण हवे का हे पाहण्यासाठी, बिलावर सही घेण्यासाठी, कशासाठीही दार वाजवू नये. बारा वाजता चेक-आउटची आठवण करणारा फोन हा यातला सर्वांत वाईट, आणि तो बहुतेक वेळा नव्या मुलाकडून, कोणी सांगितले नाही म्हणून होतो. करारातच चोवीस तासांचा हिशेब ठरवून घ्यावा म्हणजे हा प्रश्न उरत नाही. कंपनीच्या कार्यालयातून फोन आला तर, आत्ताच उठवणे आवश्यक आहे का, हे नम्रपणे विचारून घ्यावे. पुष्कळदा निरोप उठल्यावर दिला तरी चालतो.

लग्नाचे वऱ्हाड, शाळेची सहल किंवा मित्रमंडळींचा गट त्याच मजल्यावर उतरवू नये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटक तिप्पट भाडे द्यायला तयार असतात आणि तेव्हा वैमानिकाला जिन्याजवळची खोली देण्याचा मोह होतो. हा मोह ज्याला आवरणार नाही त्याने असा करार करूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि बारीकसारीक आवाजांना जास्त प्रतिसाद देतो. वैमानिकाची तर बहुतेक प्रत्येक झोप पहिलीच असते. यावर निवासचालकाला करता येण्याजोगा उपाय म्हणजे तोच वैमानिक पुन्हा आला तर त्याला तीच खोली देणे, आणि ते शक्य नसेल तर या सगळ्या खोल्यांची मांडणी, दिव्यांची बटणे, उशांची जाडी अगदी सारखी ठेवणे. हवी ती उशी निवडता यावी म्हणून एक जाड आणि एक पातळ अशा दोन द्याव्यात.

उठवण्याच्या जबाबदारीबद्दल थोडे अधिक लिहितो. वेळेवर जाग येईल की नाही, या धास्तीने माणूस दर तासाला मोबाइल पाहतो. आपण त्याला निश्चिंत करू शकलो तर त्याच्या झोपेत भर पडते. उठवण्याची वेळ त्याच्याकडून लेखी घ्यावी, त्या वेळी फोन करावा, उत्तर आले नाही तर पाच मिनिटांत माणसाने जाऊन दार वाजवावे, आणि ही पद्धत त्याला खोली देतानाच सांगावी. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोके जड राहते, त्यामुळे गाडी निघण्याच्या तासभर आधीची वेळ घ्यायला सुचवावे.

गावातला आवाज

जत्रा, दहीकाला, शिमग्यातले ढोल, गणपतीतली भजने आणि रात्रभर चालणारे दशावतार हे आपल्या गावांचे वैभव आहे, आणि एका पाहुण्याच्या झोपेसाठी ते कोणी कमी करावे असे मी सुचवणार नाही. आपण करायचे ते एवढेच, की गावच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या जत्रांच्या तारखा देवस्थानाकडून आधी घेऊन कंपनीला महिनाभर अगोदर लेखी कळवाव्यात आणि त्या दिवसांसाठी दुसऱ्या ठिकाणी सोय करायला सांगावे. शेजाऱ्यांना एकदा भेटून, आपल्याकडे दिवसा कोण झोपते आणि का, हे समजावून सांगावे. ड्रिल मशीन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान चालवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. भुंकणारी कुत्री आणि पहाटेचा कोंबडा यांवर मात्र जाड काचेची खिडकी हाच उपाय आहे.

जेवण, पेय आणि औषध

पहाटे आलेल्या माणसाला तिखट कोंबडीवडे किंवा तळलेला बांगडा झोपण्यापूर्वी देऊ नये. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात आणि वरण, दोन घावणे, एखादे केळे पुरे होते. हे सकाळी सातला मिळेल अशी व्यवस्था असावी, आणि दुपारी दोनला जाग आली तर स्वयंपाकघर बंद आहे असे ऐकावे लागू नये. कॉफी-चहा विचारल्याशिवाय पुढे करू नये. कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. ड्युटीपूर्वीच्या जेवणात तिसऱ्या, कालवे, खेकडे टाळावेत, आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात बर्फातले मासे तर मुळीच देऊ नयेत. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) यांनी वेगवेगळे पदार्थ खावेत, म्हणजे एका पदार्थाने दोघेही आजारी पडणार नाहीत, असा दंडक विमान कंपन्यांत पाळला जातो. तो आपल्या आचाऱ्यालाही माहीत असावा.

उड्डाणापूर्वी बारा तास मद्य घ्यायला बंदी आहे आणि श्वासचाचणीत शून्याखेरीज दुसरा आकडा चालत नाही. त्यामुळे आदरातिथ्य म्हणून फेणी, चैत्र-वैशाखातला उराक किंवा माडी पुढे करणे म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळणे आहे. आंबत चाललेला काजूचा नीरोही देऊ नये. न्हाणीघरात ठेवलेल्या माउथवॉशमध्ये अल्कोहोल असेल तर ते काढून टाकावे, कारण अशा वस्तूंवरही वैमानिकांना बंदी आहे. सर्दी-खोकल्याची गोळी किंवा औषध आपल्या खणातून काढून देऊ नये; अनेक औषधांनी गुंगी येते. डॉक्टर बोलवावा.

गाडी आणि चालक

विमानतळापर्यंतच्या प्रवासाची जबाबदारी आपल्याकडे असेल तर चालकाच्या झोपेकडेही तितकेच लक्ष द्यावे. दिवसभर पर्यटकांना तारकर्ली-मालवण फिरवून आलेल्या माणसाला रात्री तीनला मुंबई-गोवा महामार्गावर वैमानिक घेऊन पाठवू नये. पहाटे दोन ते सहा हा माणसाच्या सावधपणाचा सर्वांत खालचा काळ असतो, आणि तो चालकालाही चुकत नाही. गाडी वेळेआधी दहा मिनिटे दारात उभी असावी, आत गाणी लावू नयेत, आणि पावसाळ्यात रस्ता अडला तर कोणत्या वाटेने जायचे हे आधीच ठरलेले असावे.

झोप मोडलीच तर

एवढे करूनही कधी जनरेटर बंद पडेल, कधी वरच्या मजल्यावरची टाकी फुटेल. अशा वेळी बहुतेक निवासचालक तक्रार होऊ नये म्हणून पाहुण्याची समजूत काढतात, थोडी सवलत देतात आणि विषय मिटवतात. माझ्या मते येथेच सर्वांत मोठी चूक होते. वैमानिकाला थकव्यामुळे आपण उड्डाणास योग्य नाही असे वाटले तर ते कंपनीला कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ते कळवताना त्याच्यावर मोठे दडपण असते. उड्डाण रद्द होईल, वरिष्ठ नाराज होतील, आळशी ठरवतील, अशी भीती त्याला असते. मी उड्डाणसेवेत असताना अर्ध्या झोपेवर कामाला निघालेले सहकारी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी तक्रार केली नाही ती पुराव्याअभावी. आपण त्याला तो पुरावा देऊ शकतो.

झोप मोडण्याचे कारण आपल्या बाजूने घडले असेल तर लगेच दुसरी शांत खोली द्यावी, आणि त्याने न मागताही एका कागदावर साध्या शब्दांत लिहून द्यावे : कोणती खोली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत काय बिघडले, दुसरी खोली किती वाजता दिली. खाली तारीख, सही आणि शिक्का. त्याची एक प्रत वैमानिकाच्या हाती आणि दुसरी कंपनीच्या संपर्क अधिकाऱ्याकडे त्याच वेळी पाठवावी, गाडी निघण्याची वाट पाहू नये. “थोडी झोप झाली ना, चालून जाईल,” असे आपल्या कोणत्याही माणसाने त्याला म्हणू नये. आणि बिघाड दुरुस्त होऊन ती खोली पुन्हा एकदा सकाळी आठ ते दोन तपासून होईपर्यंत तिची किल्ली दुसऱ्या वैमानिकाला देऊ नये.